कळण्याच्या भाकरीचं वजन

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मोटाबेननी मला खरकट्या थाळ्यांच्या ट्रॉलीपुढं उभं केलं आणि विचारलं, "बोल, काय दिसतं?"

"उष्टं," मी म्हणाले.

"नीट बघ. तीन नंबरच्या खाटेवरच्यानं खिचडी खाल्ली, दुधी तसाच ठेवला. सात नंबरनं नुसतं ताक प्यायलं. पेशंटला विचारशील तर सगळेच म्हणतात, 'जेवलो, बेन.' खरं काय ते इथं कळतं. आठवडाभर तू फक्त थाळ्या बघायच्या."

मोटाबेन म्हणजे त्या हॉस्पिटलच्या मुख्य आहारतज्ज्ञ. पक्क्या सुरती, पन्नाशीच्या, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधणाऱ्या. लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मोटाबेनच म्हणत. मी वडोदऱ्याला हॉस्टेलवर राहून आहारशास्त्राचा वर्षभराचा डिप्लोमा करून आले होते. आता सहा महिने हॉस्पिटलात काम शिकायचं, एका रुग्णाचा सविस्तर अभ्यास डॉक्टरांपुढं मांडायचा आणि मग नोंदणीची परीक्षा द्यायची, असा पुढचा रस्ता होता. परीक्षा पास झाली की नावाखाली 'रजिस्टर्ड डाएटिशियन' असं लिहिता येणार होतं. एवढं शिकून येऊन उष्ट्या थाळ्या बघायच्या, याचा मला पहिल्या दिवशी रागच आला. तिसऱ्या दिवसापासून मात्र मजा वाटायला लागली. थाळी पाहून मी खाटेवरचा माणूस ओळखायला लागले. दात नसलेल्या माणसाची थाळी वेगळी, रुसलेल्या माणसाची वेगळी. बायकोनं घरून काहीतरी लपवून आणलेल्या माणसाची तर फारच वेगळी. तिच्यात सगळं थोडं थोडं चिवडलेलं असायचं, म्हणजे संशय यायला नको.

चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. सुरतेचे मोठे रस्ते रोज झाडले जात होते, रुंद होत होते. लिंबायतमधली आमची गल्ली होती तशीच गच्च भरलेली होती. माझे वडील संच्यावर कामाला होते. पॉवरलूमला सुरतेत संचा म्हणतात. माय घरातच खानावळ चालवायची. धुळे-जळगावकडून एकटे आलेले बारा-पंधरा कामगार आमच्याकडं दोन पंगतींत जेवून जायचे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती, अशी मी वाढले. कॉलेजात गेल्यापासून अहिराणी मी उंबऱ्याच्या आतच ठेवली होती. माझ्याबरोबरच्या दोघी इंटर्न शहरातल्या चांगल्या वस्तीत राहणाऱ्या, बोलायला गोड, मनानंही चांगल्या. तरी आमच्या घरी काय बोलतात, काय खातात, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. डब्यात भाकरी घालू नकोस, पोळीच दे, असं मायला बजावलेलं होतं. तिनं कारण विचारलं नाही. ती पोळ्या देत राहिली.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचे राजे होते महाराज, म्हणजे तिथले मुख्य आचारी. राजस्थानकडचे, उंच, गळ्यात कायम एक गमछा. इंटर्न मुली म्हणजे आपल्या रसोड्यात घुसलेल्या मांजरी, असा त्यांचा समज होता, आणि दुसऱ्या महिन्यात मी तो खरा करून दाखवला. एका रुग्णाला नाकातल्या नळीतून पातळ आहार द्यायचा होता. तो तयार करायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडं आलं. प्रथिनं जरा वाढावीत म्हणून मी मुगाचं पीठ सढळ हातानं घातलं. थोड्या वेळानं महाराजांनी पातेल्यात पळी घातली, वर उचलली आणि सगळ्यांसमोर उलटी धरली. खाली काहीच पडलं नाही.

"बेन, आ तो शीरो छे," ते शांतपणे म्हणाले. "नळीमां केम जशे?"

भांडी घासणाऱ्या बायका हसल्या, दोघी इंटर्न हसल्या आणि मलाही हसू आवरेना. महाराजांनी स्वतः मलमलच्या फडक्यातून आहार गाळून दाखवला, किती पातळ हवा ते बोटावर घेऊन समजावलं. त्या दिवसापासून ते मला 'शीरावाळी बेन' म्हणायला लागले. पण माझ्यासाठी चहाही ठेवायला लागले.

तिसऱ्या महिन्यात मला पुरुषांचा वॉर्ड मिळाला. तिथं खिडकीजवळच्या खाटेवर सुरतेच्या कडेच्या बमरोलीचे एक संचेवाले भाऊ दाखल झाले. वय पंचेचाळीसच्या आसपास, भरघोस मिशा, पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम. जखमेमुळं तपासण्या झाल्या आणि साखरेचा आजार कळला. दोन दिवस त्यांची थाळी जशी गेली तशीच परत आली. मी त्यांच्या खाटेशी गेले आणि पाठ केल्यासारखं शुद्ध गुजरातीत सगळं समजावलं. सकाळी काय, दुपारी काय, काकडी किती, पालेभाजी किती, भात का नको. ते मान डोलवत होते. "हा बेन. बराबर, बेन." बायको उशाशी उभी राहून ऐकत होती.

मी वळले, तशी मागून त्यांची कुजबुज ऐकू आली. बायकोला सांगत होते, "हाई पोर माले गवत खावाले सांगी ऱ्हायनी. मी काय म्हैस शे का?"

मला असं हसू फुटलं की हातातली फाईल खाली पडली. ती उचलता उचलता तोंडातून निघून गेलं, "गवत नही भाऊ, काकडी शे ती!"

त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. भाऊ उशीवरून ताडकन उठून बसले. "तू आपली शे का व? कोन गावनी?"

"पारोळाकडनी. ऱ्हातस लिंबायतले."

"मंग इतली येळ काब्र गुजराती झोडी ऱ्हायनी?"

गुजराती का, हे सांगायची वेळच आली नाही. शेजारच्या दोन खाटांवरची माणसंही खान्देशातली निघाली. तीही आपापल्या तक्रारी घेऊन बोलायला लागली. माझ्याबरोबरची इंटर्न दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तू आत्ता कुठली भाषा बोललीस?"

"आमच्या घरची," मी म्हणाले. इतकी वर्षं जे सांगायला जड जात होतं ते दोन शब्दांत सांगून झालं.

"किती छान वाटते गं ऐकायला. मला 'गवत' कसं म्हणायचं ते शिकव."

"गवताला गवतच म्हणतात," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुन्हा हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला खरा प्रश्न विचारला. "बाकी ऱ्हाऊ दे. कयनानी भाकर खाऊ का नही, तेवढं सांग."

कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाची, आमच्याकडची रोजची भाकरी. ती मी जन्मापासून खात आले होते आणि तिच्याबद्दल एका शब्दाचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं. डिप्लोमात आम्ही रोटली शिकलो, ब्रेड शिकलो, इडलीसुद्धा शिकलो. कळणा कुठंच नव्हता. मी मोटाबेनकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग तक्त्यांचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

"ज्वारी यात आहे, उडीद आहे. हिशेब तू करशील. पण एक भाकरी म्हणजे केवढी? तुझ्या आईची केवढी, त्याच्या बायकोची केवढी? माझ्याकडं अंदाजानं डाएट लिहायचं नाही."

"मग काय करू?"

"भाकरी करणारं कोणीतरी घेऊन ये. इथं करू, इथंच वजन करू."

घरी सांगितलं तेव्हा मायला वाटलं मी थट्टा करते आहे. मग वाटलं की मी काहीतरी चूक केली आहे आणि शिक्षा म्हणून तिला बोलावलं आहे. शेवटी तिनं कपाटातली चांगली साडी काढली, पिठाचा डबा भरला, स्वतःची लाकडी काठवट गोणपाटात गुंडाळली आणि रिक्षात माझ्याशेजारी अगदी ताठ बसली. दुपारच्या जेवणाची गडबड संपल्यावर आम्ही रसोड्यात पोचलो. महाराजांनी तिच्यासाठी शेगडी मोकळी करून ठेवली होती. शेजारी पोळपाट आणि लाटणंही ठेवलं होतं, कारण गुजरातेत भाखरी म्हणजे गव्हाची, लाटून केलेली, खुसखुशीत.

मायनं लाटणं उचलून माझ्याकडं पाहिलं. "हाई कशाले?"

"ते त्यांच्या भाकरीचं आहे," मी म्हटलं.

तिनं ते आदरानं बाजूला ठेवलं, काठवट मांडली, गरम पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. पुढचा अर्धा तास रसोड्यात फक्त थापण्याचा आवाज होता. गोळा तळव्याखाली फिरत फिरत मोठा होत जायचा, कडा कुठंही न चिरता. ती भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यावर सोडायची, वरून पाण्याचा हात फिरवायची आणि तेवढ्यात पुढचा गोळा घ्यायची. मी काट्यावर वजन करून लिहून घेत होते. आधी गोळ्याचं वजन, मग भाजलेल्या भाकरीचं. दहा भाकऱ्या झाल्या. पहिलीत आणि दहावीत दोन-चार ग्रॅमांच्या पलीकडं फरक नव्हता.

मोटाबेननी चष्मा लावून माझा कागद वाचला, मग काचा पुसून पुन्हा वाचला. "बेन, तुम्ही वजन न करता हे कसं जमवता?"

मायला गुजराती समजायचं, बोलताना मात्र ती लाजायची. ती मराठी-हिंदी मिसळून म्हणाली, "बारा जण रोज जेवतात. एकाला मोठी, एकाला लहान गेली तर भांडण होगा ना."

महाराजांना राहवलं नाही. त्यांनी हात धुतले आणि एक गोळा घेतला. दुसऱ्याच थापेला भाकरीचे तीन देश झाले. "पाणी गरम लो, भाऊ," माय म्हणाली, "और घाबरू नका." तिसरी भाकरी त्यांना जमली, म्हणजे गोल नव्हती, पण एकसंध होती. ती त्यांनी सगळ्या बायकांना फिरवून दाखवली. मायनं डब्यातून वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला होता. मोटाबेननी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे दचकले. त्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली, पाणी प्यायल्या आणि दुसरा घास घेतला. "बहु सरस," त्या म्हणाल्या, "पण हे पेशंटला नाही, मला द्या."

हिशेब केला तेव्हा मायची एक भाकरी महाराजांच्या चार पातळ रोटल्यांच्या बरोबरीची निघाली. भाऊ घरी एका बैठकीत तीन खात होते. मी खाटेपाशी जाऊन सांगितलं, "कळण्याची भाकरी चालेल. उडीद आहेत, चांगलीच आहे. पण एक."

"एक?" त्यांनी बोट वर करून विचारलं, जणू ऐकण्यात काही चूक झाली असावी.

मग बराच वेळ आमची घासाघीस चालली. एक भाकरी, पण भरीत वाटीभर. वरण दाट. कांदा-काकडी पोटभर, तिला गवत म्हणायचं नाही. त्यांची बायको मध्येच म्हणाली, "मी मोजीसन देसू. तुम्ही फिकीर करू नका, बहीन." तिनं आपल्या भाकरीचा आकार मायच्या भाकरीशी ताडून घेतला. महाराजांनी त्या वॉर्डासाठी दिवसातून एकदा कळण्याची भाकरी करायला सुरुवात केली आणि थाळ्या रिकाम्या परत यायला लागल्या. माझ्या डब्यातही आता भाकरी असायची, पण माझ्या वाट्याला जेमतेम निम्मीच यायची. उरलेली दोघी इंटर्न संपवायच्या.

जखम भरत आली, भाऊ घरी गेले. त्यांचाच अभ्यास मी शेवटी डॉक्टरांपुढं मांडणार होते. पण तीन आठवड्यांनी ते तपासणीला आले आणि साखर होती तिथंच. ते शपथा घेत होते, बायको शपथा घेत होती. मी सगळे हिशेब पुन्हा केले. कुठं चुकलं ते सापडेना. रडकुंडीला येऊन मोटाबेनकडं गेले.

"इथली थाळी तू रोज पाहिलीस," त्या म्हणाल्या. "त्याची तिकडची थाळी कधी पाहिलीस? जा, बघून ये."

मी बमरोलीला गेले. त्यांच्या बायकोनं मला कारखान्यात नेलं. दारातच संच्यांच्या खडखडाटानं कान बंद झाले. हा आवाज मला नवा नव्हता. लहानपणी मी वडिलांचा डबा द्यायला जायचे. तिथं कोणी तोंडानं बोलत नाही, सगळं हातांनी आणि ओठांच्या हालचालींनी चालतं. भाऊंनी लांबूनच मला पाहून हात उंचावला, मग डबा उघडून दाखवला. एक भाकरी, भरीत, कांदा. सगळं सांगितलं तसं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं चहावाला किटली घेऊन आला. भाऊंनी संच्यात धावणाऱ्या धोट्यावरची नजर न काढता हात मागं केला, पेला घेतला, दोन घोटांत संपवला. मी बसले होते तेवढ्यात चहावाला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा तो हात मागं गेला.

मी उठून त्यांच्यापुढं गेले. पेल्याकडं बोट दाखवलं आणि हातानं विचारलं, दिवसात किती?

त्यांनी जरा विचार केला. दोन्ही पंजे उघडून दाखवले. मग थांबले आणि आणखी दोन बोटं दाखवली.

मी कपाळावर हात मारला. आजूबाजूच्या संच्यांवरची माणसं हसायला लागली. आवाज ऐकू येत नव्हता, नुसते दात दिसत होते आणि खांदे हलत होते. बारा पेले, आणि चहा असा गोड की किटलीच्या तोंडाला साखर सुकून बसलेली. मी जेवणाबद्दल हजार प्रश्न विचारले होते. चहा हे त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच, मग ते कशाला सांगतील? बारा तास उभं राहायचं तर चहा हवाच.

चहा बंद करा, असं मी सांगितलं नाही. सांगूनही उपयोग नव्हता. बाहेर येऊन चहावाल्याला गाठलं आणि बिनसाखरेचा थोडा चहा वेगळा आणशील का, म्हणून विचारलं.

"बिना चीनी की?" तो म्हणाला. "वो तो बीमार लोग पीते हैं।"

"मंग मी कोन शे?" मागून येऊन भाऊ म्हणाले, आणि स्वतःच मोठ्यानं हसले. दिवसाला बिनसाखरेचे चार पेले ठरले. तुटलेल्या धाग्याचे तुकडे तिथं ढिगानं पडलेले असतात. प्रत्येक पेल्याला एक तुकडा संच्याच्या दांड्याला बांधायचा, चार झाले की हात मागं न्यायचा नाही, ही युक्ती त्यांचीच.

महिन्याभरानं ते तपासणीला आले तेव्हा साखर चांगली उतरली होती. खिशातून त्यांनी रंगीत धाग्यांची एक जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. सगळ्या दिवसांचे पुरावे. "मोजी ले," म्हणाले. मी मोजले नाहीत. चहावाला आता बिनसाखरेची एक छोटी किटली रोजच आणतो आणि आणखी चौघं तोच चहा पितात, अशी बातमीही त्यांनी दिली.

अभ्यास मांडायच्या दिवशी मी सकाळपासून आकडे घोकत होते. भाकरीचा तक्ता फळ्यावर लावला, तसं एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे आकडे कुठल्या पुस्तकातले?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या खुर्चीवरून मोटाबेन म्हणाल्या, "पुस्तकात नाहीत, साहेब. पण ती भाकरी मी खाऊन पाहिली आहे." सभागृह हसलं आणि माझी भीती पळाली. मग मी दहा भाकऱ्यांची वजनं, पिठाचं प्रमाण, हिशेब, कारखाना, चहा, सगळं सांगितलं. कारखान्यात जाऊन चहा शोधणारी पहिलीच इंटर्न, असं ते डॉक्टर शेवटी म्हणाले. माझ्याऐवजी मोटाबेनच लाजल्यासारख्या झाल्या.

नोंदणीची परीक्षा मी अहमदाबादला जाऊन दिली. निकाल पोस्टानं आला. पाकीट वडिलांच्या हातात पडलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी घरी येईपर्यंत ते पाकीट तसंच हातात धरून ओट्यावर बसले होते. मी फोडलं, वाचलं, पास झाले म्हणून सांगितलं. ते उठले. आत जाऊन नवा शर्ट घालून बाहेर आले आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले.

तासाभरात ओट्यावर बायकांची गर्दी झाली. कोणी लघवीचा रिपोर्ट घेऊन आली, कोणी सुनेच्या बाळंतपणाचा प्रश्न. एकीला हवं होतं की मी आता तिला ताकदीचं इंजेक्शन द्यावं. मायनं तिला दारातच अडवलं. "ती डाक्टर नही व माय. ती जेवन कसं खावानं ते सांगस."

"जेवाले कोन शिकाडस?" ती बाई म्हणाली, पण तिथंच बसली आणि पुढचा अर्धा तास मला पापडातल्या मिठाबद्दल विचारत राहिली.

खानावळीची पहिली पंगत त्या दिवशी उशिरा बसली. कामगार गल्लीत उभे राहून वाट बघत होते, पण कोणी कुरकुर केली नाही. मायनं शेवभाजी केली होती, वर तूप सोडून शिरा. वाढायला मी होते. सगळे उठल्यावर माय, वडील आणि मी एकत्र बसलो, आणि पोटात जागा नसतानाही मी शिरा दोनदा मागून घेतला.